तुमच्या बापाचं सोनापूर

अण्णा, तुमच्या बापाची जागा सापडली. खर्च काय आला ते आधी सांगतो, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. पैसे म्हणाल तर गेले ते टॅक्सीत आणि चहात, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. खरा खर्च वेगळाच आहे. ऐन गणपतीच्या तोंडावर एका मोठ्या मंडळाचं काम हातचं गेलं, कारण त्यांचा सेक्रेटरी मांडवात माझी वाट बघत होता आणि मी दफनभूमीच्या ऑफिसात बाकड्यावर बसलो होतो. चपलेचा एक चांगला जोड गेला. बायकोशी अबोला झाला तो आत्ता कुठे सुटतोय. तिचं म्हणणं, घरातल्या जिवंत माणसांचे गुडघे दुखतात, तिकडे बघा. आणि सगळ्यात महाग पडला तो तुमचा शब्द. तुम्ही नको म्हणाला होतात. एकदा नाही, जन्मभर. तो मी मोडला आणि मोडून मला जरासुद्धा वाईट वाटलेलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे शेवटी मी माफी मागेन अशी आशा धरून तुम्ही वाचणार नाही.

तो दिवस मला लख्ख आठवतो. परळच्या चाळीतली आपली खोली. आई स्टोव्हवर सुके बोंबील परततेय, धूर जावा म्हणून दार सताड उघडं. तुम्ही पहिल्या पाळीवरून आलायत, केसांत कापसाची तूस तशीच. आत्या माहीमहून आलीय, तुमची धाकटी बहीण, आणि मी तिला टेकून बसलोय. कशावरून तरी विषय निघतो आणि आत्या विचारते, "दादा, बापाशीक खंय ठेवल्यानी रे तेव्हा?" तुमचा घास हातातच थांबतो. "सोनापुरात," तुम्ही म्हणता. "आणि आता पुरे. गेला तो मातीत मिळाला. आपण दीक्षा घेतली ती मागं बघायला नाही." मी मध्येच तोंड घालतो, "आपण जाऊया ना बघायला." त्यावर तुम्ही ताट बाजूला सारता. आवाज चढवत नाही, तुमचा आवाज कधी चढायचाच नाही. "काय बघणार जाऊन? त्या लोकांनी त्यांच्या वहीत माझ्या बापापुढे काय लिहून ठेवलंय ते मला माहीत आहे. ते वाचायला मी तुला शाळेत घातलेलं नाही." आईने बोंबील खाली उतरवले. आत्याने मला तिच्याजवळची लिमलेटची गोळी दिली आणि विषय मिटला. म्हणजे तुमच्यापुरता मिटला.

आजोबांबद्दल घरात एवढंच माहीत होतं, की ते कोकणातून गिरणीत आले आणि एका पावसाळ्यात तापाने गेले. दीक्षा पुढे झाली, तेव्हा आपल्यात पुरायची रीत होती, म्हणून त्यांना पुरलं. तुम्ही लहान होतात, पण मुलगा म्हणून पहिली मूठ तुम्ही टाकलीत. आत्या त्याहून लहान आणि मुलगी, म्हणून तिला दाराआड ठेवलं. त्यांची गोष्ट म्हणून तुम्ही मला एकच सांगितलीत, तीसुद्धा मी फार मागे लागलो तेव्हा. गिरणीत त्यांचा पाण्याचा माठ वेगळा होता, आणि तो रिकामा असला की ते पाळी सुटेपर्यंत तहानलेले राहायचे, शेजारच्या माठाला हात लावायचा नाही म्हणून. एवढं सांगून तुम्ही उठलात आणि स्वतः आपला माठ घासायला बसलात. आई बघतच राहिली.

तुम्ही मला दिलेली एक वस्तू अजून माझ्या दुकानात टांगलेली आहे. जयंतीच्या मिरवणुकीत गाडीवरून पडून चेपलेला भोंगा. मंडळाने टाकून दिला होता, तुम्ही घरी आणलात, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून गोल केलात आणि माझ्या हातात दिलात. म्हणालात, "ह्यातून बोलायचं. ओरडायचं नाही." त्या भोंग्यावर मी धंदा उभा केला. आधी भाड्याची हातगाडी, मग टेम्पो, मग गोडाऊन. लग्न, बारसं, सभा, गणपती, जयंती, लालबागपासून गिरगावापर्यंत माझा आवाज वाजतो. कानावर जगलो म्हणा ना. हजार माणसांच्या गर्दीत मला कळतं कुठली वायर सैल आहे. कोणी दोन वाक्यं बोललं की मी सांगतो हा मालवणचा की रत्नागिरीचा, आणि पैसे देणार की बुडवणार. वय झालं, सगळं झालं, पण ह्या कानांतून काही सुटत नाही, अण्णा. आजही नाही.

आत्या आता माझ्याकडेच असते, लोअर परळला. खिडकीतून जिथे गिरणीची चिमणी दिसायची तिथे आता काचेची इमारत दिसते, आणि आत्या तिच्यात उमटलेले ढग बघत बसते. मागच्या वर्षी एक दिवस चहा पिता पिता म्हणाली, "माझी एक गोष्ट रवली." मला वाटलं गावाला जायचं असेल. "माका बापाशीची जागा बघूची हा." मी म्हटलं, आत्या, अण्णांना ते आवडायचं नाही. तर म्हणते कशी, "तुझो अण्णा गेलो. माझो बापूस माझो नाय? सगळ्या मुंबयत तुझो भोंगो वाजता आणि तुका इतक्यां जमाचां नाय?" मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "दाराआड ठेवल्यानी माका. मी खालच्या फटीतसून बघी होतंय. नुसते पाय दिसले, न्हेणाऱ्यांचे. बापाशीक न्हेताना मी लोकांचे पाय बघलंय." ते ऐकल्यावर तुमच्या शब्दाचं काय वजन राहणार, सांगा. आणि तिचे डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगत होते की फार लांबचे बेत करू नका. म्हणजे घाई होती.

मी थेट गिरगाव गाठलं. मरीन लाइन्स स्टेशनच्या लगत, चंदनवाडीच्या स्मशानाच्या बाजूच्या भागाला जुने लोक सोनापूर म्हणतात, हे मला धंद्यामुळे ठाऊक. तुम्ही सोनापूर म्हणालात, सोनापूर तिथे आहे, मग प्रश्न कुठे? चौकशीला फणसवाडीत माझ्या जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलो. त्याच्या चाळीच्या पायरीवर बनियनवर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "काका, सोनापूरच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?" म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सोनापूरला जायची एवढी घाई? अहो, माझा नंबर आधी आहे. रांगेत या." वर गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "त्यांना बसायला सांगा हो, निदान चहा पिऊन जाऊ देत." अख्खी चाळ हसली. मीही हसलो, चहा घेतला. पण तिथल्या दफनभूमीच्या ऑफिसातल्या नोंदींत काही नाही. आडनाव सांगितलं, नाही. दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. ऑफिसातला माणूस कंटाळून म्हणाला, "काका, परळचा माणूस त्या काळी खांद्यावरून इतक्या लांब कशाला आणतील?" मला ते तेव्हा ऐकू आलं, पण शिरलं नाही. उलट तुमचंच बोलणं आठवलं, काय बघणार जाऊन. आणि खरं सांगतो, मला तुमचा राग आला. वाटलं, तुम्ही बरोबर ठरताय.

सुटका केली ती लालबागच्या मसाल्याने. आत्याला वर्षाचा मसाला डोळ्यांसमोर कुटून हवा असतो, म्हणून तिला घेऊन मिरची गल्लीत गेलो होतो. डंकावर ही गर्दी, मिरचीचा खकाणा, सगळे शिंकतायत. आमच्या पुढे दोन मालवणी बायका. एक दुसरीला सांगत होती, "घोवाक आमी शिवडीच्या सोनापुरात न्हेलो. दिराक वरळीच्या सोनापुरात." माझी शिंक अर्धवट राहिली. शिवडीचं सोनापूर? वरळीचं सोनापूर? मी पुढे होऊन विचारलं, "बाय, सोनापूर तर गिरगावात ना?" ती बाई पदराने नाक पुसत म्हणाली, "खुळो काय रे तू? जंय जाळतत, जंय पुरतत, तां सगळां सोनापूर." आणि आत्या, जिच्यासाठी मी गिरगावचे उंबरे झिजवत होतो, ती माझ्या दंडाला धरून शांतपणे म्हणते, "मगे? तुका म्हायत नव्हता?"

मला माहीत नव्हतं, अण्णा, आणि त्याला कारण तुम्ही. आत्याने तो शब्द उच्चारला असता तर मला कळलं असतं, कारण तिच्या तोंडात सगळे शब्द घरचे असतात. पण तुम्ही घरची बोली सोडलीत. रात्रशाळेत गेलात, पुस्तकं वाचलीत, आणि बायकोशी भांडतानाही शुद्ध बोललात. 'पाणी'चा ण तुमच्याएवढा स्वच्छ मी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. म्हणून तुम्ही सोनापुरात म्हणालात तेव्हा मी नकाशातलं गाव समजलो. तुमच्या त्या सगळ्या मोजलेल्या मराठीत तो एकच शब्द त्या पावसाळ्यातल्या पोराचा होता, ज्याला मोठ्या माणसांनी हाताला धरून सांगितलं असणार, चल बाळा, सोनापुरात जायचंय. तेवढा शब्द तुम्ही बदलला नाहीत. बहुतेक तुम्हालाही कळलं नसेल.

मग सगळं भराभर झालं. परळपासून खांद्यावर नेता येईल अशी जुनी दफनभूमी शोधली, शिवडीच्या अंगाला. ऑफिसात एक मॅडम होत्या, चष्मा डोक्यावर आणि डोळे बारीक करून वाचणाऱ्या. त्यांनी साल विचारलं. साल कोणाला माहीत? आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "माझे दुधाचे दात पडत होते. पुढचे दोन नव्हते म्हणून मी रडताना फूस फूस होयत होता, आणि आवशीक तशातय हसू इला." मॅडमनी फोनवरचं ते ऐकलं आणि त्यांनाही हसू आलं. आत्याचं वय आणि दात, त्यात पावसाळा, एवढ्यावर दोन-तीन वह्या निघाल्या. आडनावाने शोधूच नका, मी सांगितलं, कारण आपलं आडनाव तुम्ही लावलेलं, गावाच्या नावाला कर जोडून, मला शाळेत घालताना. आजोबांना आडनाव नव्हतंच. अमुक बिन तमुक, एवढंच. त्यांचं नाव आणि त्यांच्या बापाचं नाव, आत्याने सांगितलं तसं. आणि ते तिथे होतं. ओल लागून कडा तपकिरी झालेल्या पानावर, कोणाच्या तरी घाईतल्या मोडी वळणाच्या अक्षरात.

मॅडम वाचायला लागल्या. नाव. वय. राहणार परळ. धंदा, गिरणी. मरणाचं कारण, ताप. मग प्लॉटचा नंबर. मी म्हटलं, "मॅडम, मधला एक रकाना राहिला." त्या म्हणाल्या, "जाऊ दे ना काका, जुन्या काळचं आहे." आवाज त्यांनी आपोआप खाली आणला होता. मी म्हटलं, "वाचा." "इथे माणसं बसलीत, काका." "बसू दे. मी माईकवाला आहे, मला हळू चालत नाही. मोठ्याने वाचा." त्यांनी वाचला. बाकड्यावरच्या दोघांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा त्यांनीच मान खाली घातली. तो शब्द मी ह्या कागदावर लिहीत नाही. घाबरून नाही, कागद तुमच्या नावाने सुरू केलाय म्हणून. पण ऐका, अण्णा. तुम्हाला वाटायचं की तो शब्द आम्ही वाचला तर आम्ही लहान होऊ. मी तो मोठ्याने वाचून घेतला, माझ्या पायांवर उभा राहून, आणि माझी उंची होती तेवढीच राहिली. लाज वाटायची तर ज्यांनी तो रकाना छापला त्यांना वाटू दे. आपण कशाला बापाला लपवायचं? त्यांनी त्याला एका रकान्यात घातलं, आणि तुम्ही त्या रकान्याच्या रागाने अख्खा माणूस पुसून टाकलात. तुमचा राग खरा होता. पण त्यात त्या मुलीचा बापही गेला, जिने फटीतून नुसते पाय पाहिले होते.

मॅडमनी भिंतीवरचा नकाशा दाखवला, मागून कापड लावलेला, गट आणि रांगा आखलेला. म्हणाल्या, "आधीच सांगते काका, जागा कायमची नसते. काही वर्षांनी परत उकरतात. त्या प्लॉटमध्ये मागून किती गेले असतील." मी म्हटलं, "असू दे. चाळीतला माणूस आहे, एका खोलीत दहा जणांची सवय आहे त्याला." त्या हसल्या. नकाशा कागदावर उतरवून बाहेर पडलो तर काही जुळेना. जिथे तो गट यायला हवा तिथे ऑफिसचीच भिंत. पण मांडवांचे नकाशे वाचण्यात माझा जन्म गेलाय. नकाशात आधी दार शोधायचं, स्टेज मग. नकाशातलं दार आताच्या दाराच्या विरुद्ध अंगाला होतं. तिकडे चालत गेलो तर कंपाउंडात बुजवलेली कमान दिसली, विटा वेगळ्या रंगाच्या. जुनं दार ते. त्याला पाठ करून उभा राहिलो आणि तिथून रांगा धरल्या. बदामाची झाडं, पत्र्याची शेड, आणि रांग जिथे संपते तिथे सिमेंटचा ओटा. ओट्यावर नळ.

नळ, अण्णा. चार हात इकडे किंवा तिकडे, मी खोटं सांगणार नाही. पण रांग तीच आणि टोक तेच. माती देऊन आलेली माणसं तिथे हातपाय धुतात, तोंडावर पाणी मारतात, पितात. कोण कुठला, कोणी विचारत नाही. तुम्हाला ह्याहून जास्त सांगायला नको.

आत्याला घेऊन गेलो. तिने कपाटातली पांढरी साडी काढली होती, मी सांगितलं नव्हतं. फुलं नेली नाहीत, अगरबत्ती नाही, नारळ नाही, हे तुमच्या समाधानासाठी लिहितो. दगड पुजायला गेलोच नव्हतो. बाप बघायला गेलो होतो, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तुम्ही हयात असताना तुम्हाला सांगायची माझी हिंमत नव्हती. आज आहे. नळावर कुठल्या तरी मयताची माणसं होती, एक जण पाय धूत होता. आत्याला बघून तो बाजूला झाला, नळ धुऊन घेतला आणि म्हणाला, "आजी, आधी तुम्ही." आत्याने ओंजळ धरली. सावकाश, पोटभर प्याली, जशी काही ती गावाहून चालत आली होती. मग ओला हात ओट्यावर टेकून वाकली, माझ्या डाव्या बाजूला, आणि खाली तोंड करून काहीतरी बोलली. एकदोन शब्द नाहीत, चांगलं वाक्य, मध्ये थांबून आणखी एक. पाय धुणाऱ्या माणसाने ते ऐकलं. त्याने डोळे पुसले. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, "चल. झाला."

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच आहे. तुमच्या सांगण्यावरून तुम्हाला जाळलं, राख समुद्रात सोडली, वहीत शोधावं असं तुम्ही काही ठेवलं नाहीत. पाकिटावर सोनापूर लिहिलं तर पोस्टमन भांडुपला नेऊन टाकेल, तिथेही एक सोनापूर आहे म्हणतात. तेव्हा हे भोंग्यात गुंडाळून ठेवतो, दुकानात.

आत्या नळावर काय बोलली ते मला माहीत नाही. तिला विचारलं नाही, विचारणारही नाही. तिला वाटतं मी ऐकलं. माझ्या डाव्या कानाला दोन वर्षांपासून मशीन लागतं, आणि त्या दिवशी ते मी घरी कपाटात ठेवून गेलो होतो.